वसतिगृहात सोडून जाताना

प्रवेश अर्जात पालकाच्या मोबाइल क्रमांकाचा एक रकाना असतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्यात आदिवासी मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल म्हणून काम करताना त्या एका रकान्याने मला बरंच शिकवलं. अर्जावर दहा आकडे नीट लिहिलेले असत. फोन लावला की तो क्रमांक कधी गावातल्या किराणा दुकानदाराचा निघे, कधी आशाताईचा, कधी गडचिरोलीला मिस्त्रीकामाला गेलेल्या चुलतभावाचा. बापाने स्वतःचा क्रमांक दिला असला तरी तो लागेलच याचा भरवसा नसे. पेंढरी, गट्टा, मुरूमगाव या बाजूंच्या कितीतरी गावांत रेंज मिळते ती टेकडीवर, नाहीतर रस्त्याच्या एखाद्या वळणावर. मार्च-एप्रिलात आईबाप पहाटेपासून मोह वेचायला जंगलात असतात, मेमध्ये तेंदूपत्ता तोडायला, दिवाळीच्या आगेमागे धानाच्या कापणीला. रात्री अकराला पोरगी तापाने फणफणते, तेव्हा तिची माय तीस-चाळीस किलोमीटरवर झोपलेली असते आणि तिला कळवायची काही सोय नसते.

शहरातल्या पालकांसाठी लिहिलेले सल्ले मी वाचते. रोज फोन करा, महिन्यातून एकदा भेटून या, कॉलेजच्या वेबसाइटवर लक्ष ठेवा, असं त्यांत असतं. ते चुकीचं नाही, पण आमच्या पालकांच्या आवाक्यातलं नाही. ज्या बापाला मुरूमगावहून धानोऱ्याला यायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी सोडावी लागते, त्याने काय करावं? मी इतक्या वर्षांत जे पाहिलं त्यावरून सांगते की तो खूप काही करू शकतो. त्यातलं बहुतेक काम लेकरू घर सोडण्याच्या आधीच करायचं असतं. लेकराला स्वतःच्या शरीराची माहिती हवी, ती परक्या माणसाला न लाजता सांगता यायला हवी, आणि वाईट बातमी घरी सांगितली तर घर आपल्यावर उलटणार नाही याची खात्री हवी. ही तयारी ज्या मुलींची झालेली होती त्या निभावून गेल्या. ज्यांची झालेली नव्हती त्यांच्यासाठी आम्ही रात्री-बेरात्री धावलो.

आधी सिकलसेलचं सांगते, कारण आमच्या भागात कॉलेजच्या मुलांच्या तब्येतीचा विषय तिथूनच सुरू व्हायला हवा.

रांगीकडची एक मुलगी बीएच्या पहिल्या वर्षाला होती. थंडी सुरू झाली की तिचे हातपाय दुखायचे. पहिल्यांदा मुलींना वाटलं, नाटक करते. कॉलेजातही तसंच वाटलं असावं, कारण दुखणं दोन दिवसांनी निघून जायचं आणि ती पुन्हा हसत-खेळत असायची. डिसेंबरातल्या एका रात्री ती गुडघे पोटाशी घेऊन किंचाळायला लागली. छातीत दुखत होतं, अंगात ताप होता. 108 ची गाडी बोलावून ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथून गडचिरोलीला. तीन दिवसांनी तिची आई आली. मी विचारलं, हिला आधी कधी असं झालं होतं का? बाई थोडा वेळ गप्प राहिली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "सिकल हाये तिले, मॅडम. लहानपनापासून हाये. पर कोनाले सांगू नोका. लगन कसा होईन मंग?"

त्या आईवर मला राग धरवेना. तिने जे लपवलं ते मुलीच्या भल्यासाठीच, असं तिला वाटत होतं. पण त्या लपवण्यामुळे मुलीला चादरी दोनच मिळाल्या, पहाटेच्या थंड पाण्याने आंघोळ चालू राहिली, पाणी कमी पिण्याबद्दल तिला कुणी टोकलं नाही, आणि ताप आला त्या संध्याकाळी तिला 'सकाळी बघू' म्हणून झोपवलं गेलं. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं, ताप आणि अतिश्रम या चार गोष्टींनी त्रास उसळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडांत, पोटात, छातीत वेदना सुरू होतात. अशा मुलीला ताप आणि छातीत दुखणं एकत्र आलं तर सकाळची वाट पाहायची नसते. हे मला ठाऊक होतं, पण तिला सिकल आहे हे ठाऊक नव्हतं.

त्यानंतर प्रवेशाच्या दिवशी मी प्रत्येक पालकाला एका कोपऱ्यात घेऊन सिकलसेलबद्दल विचारत आले, आणि बहुतेकांच्या मनात वाहक आणि रुग्ण यांचा गोंधळ असतो हे तिथेच कळलं. वाहक म्हणजे ज्याला आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा रक्तातला दोष मिळाला. तो माणूस सहसा ठणठणीत असतो, शेती करतो, नोकरी करतो. रुग्ण म्हणजे ज्याला दोघांकडून मिळाला. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. म्हणजे लग्नासाठी खरं तर लपवायचं नाही, तपासून घ्यायचं. एका बापाने मुलगी वाहक निघाली म्हणून तिला पुढे शिकवायचंच नाही असं ठरवलं होतं. "आजारी पोरीले कायले शिकवता?" ती मुलगी आजारी नव्हती. त्याला ते पटायला दोन बैठका लागल्या. पुढे ती पदवीधर झाली.

केंद्र सरकारने 1 जुलै 2023 ला शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, तेव्हापासून तपासणी वाढली आहे. पहिली चाचणी साधी असते, तिच्यात दोष दिसला की रक्त पुढच्या पक्क्या चाचणीला जातं. पुष्कळ मुलांची पहिली चाचणी शाळेत होते, पण पक्क्या निकालाचा कागद घरी पोचत नाही, पोचला तरी पत्र्याच्या पेटीत पडून राहतो. पालकांना माझी विनंती असते की तो कागद शोधा, त्याची झेरॉक्स काढा आणि लेकराच्या बॅगेत आधार कार्डाशेजारी ठेवा. रुग्ण असेल तर हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या कुठून आणायच्या, महिन्याचा साठा कधी संपतो, हे मुलाला पाठ असू द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढलं तर त्याचा शिक्षणात उपयोग होतो. आणखी एक सांगून ठेवते. मुलगी फिकी दिसली की घरचे औषधाच्या दुकानातून रक्तवाढीची बाटली आणून देतात. सिकलसेलच्या रुग्णाला लोह सरसकट देत नाहीत, डॉक्टर तपासून ठरवतात. ती बाटली प्रेमाने आणलेली असली तरी आधी विचारा.

दुसरा विषय तापाचा. महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा वाटा एकट्या गडचिरोली जिल्ह्यात असतो, आणि त्यातही आमचा तालुका पुढे. गावात ताप आला की आशाताई बोट टोचून किटवर तपासते, वीस मिनिटांत कळतं, गोळ्या सुरू होतात. म्हणजे गावात सोय आहे. धोका होतो तो मूल गाव सोडून गेल्यावर.

आमच्या वसतिगृहातून बारावी करून एक मुलगी नागपूरला गेली. दिवाळीला गावी आली, धान कापायला आईसोबत राबली, परत गेली. दहा-बारा दिवसांनी थंडी वाजून ताप आला. तिथल्या एका दवाखान्यात व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या, मग टायफॉइड म्हणून सलाइन लावलं. ती कुठून आली हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. गडचिरोलीची आहे म्हटलं की लोक वेगळ्या नजरेने बघतात, म्हणून ती जिल्ह्याचं नाव टाळायचीच. चौथ्या दिवशी ती बडबडायला लागली. खोलीतल्या मैत्रिणीने मला फोन केला. मी इतकंच म्हटलं, "डॉक्टरला सांग, ही धानोऱ्याची आहे, पंधरा दिवसांपूर्वी गावात होती, मलेरिया बघा." फाल्सीपेरम मलेरिया निघाला. तो डोक्यात चढायला लागला होता. वाचली.

डास चावल्यापासून ताप यायला साधारण एक-दोन आठवडे जातात. मूल गावी निरोगी असतं आणि शहरात पोचल्यावर आजारी पडतं. तिथले डॉक्टर डेंग्यूचा विचार आधी करतात, त्यात त्यांचं काही वावगं नाही, त्यांच्या शहरात डेंग्यूच जास्त असतो. म्हणून सांगण्याची जबाबदारी मुलावर येते, आणि मुलाला ते शिकवण्याची आईबापावर. सुटीहून परत निघालेल्या प्रत्येक मुलीकडून मी हे वाक्य म्हणवून घेत असे: मी गडचिरोली जिल्ह्यातून आले, अमुक दिवसांपूर्वी गावी होते, माझी मलेरियाची तपासणी करा. मुली हसायच्या. पण त्यांना ते पाठ व्हायचं. पालकांनीही एसटीत बसवताना ते म्हणवून घ्यावं. आणि मच्छरदाणी द्यावी. सरकारकडून घरी मिळालेली औषधी मच्छरदाणी कुठे कुठे मासे धरायला वापरतात, कुठे ती कोऱ्या घडीत पडून असते. ती लेकराच्या बॅगेत जावी.

गोळ्या पूर्ण घेण्याचंही तसंच. व्हायवॅक्सच्या मलेरियात प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस चालतात. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि मुलं गोळ्या सोडतात. जंतू यकृतात दबा धरून राहतो, दोन-तीन महिन्यांनी परीक्षेच्या तोंडावर पुन्हा उठतो. फोनवर "बरं वाटते का?" एवढं विचारून थांबू नये, "गोळ्या किती उरल्या?" हेही विचारावं.

मासिक पाळीबद्दल बोलायला आमच्याकडच्या आया अजूनही संकोचतात. मीही सुरुवातीला आडूनच बोलायचे. पण धानोऱ्यात राहून हा विषय टाळणं मला जमलं नाही. आमच्या तालुक्यातच चातगावजवळ शोधग्राम आहे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं. राणीताईंनी जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या 650 बायकांची तपासणी केली आणि तो अभ्यास 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि जेमतेम 8 टक्के बायकांची त्याआधी कधी तशी तपासणी झाली होती. त्या बायकांच्या नाती आज कॉलेजात आहेत. अंगावरून पांढरं जाणं, खाज, पाळीत असह्य दुखणं हे सगळं बाईच्या वाट्याला येतंच, असं त्यांनी आजीकडून आणि आईकडून ऐकलेलं असतं. वसतिगृहात मुलगी महिनोन्महिने ते सोसते, सांगत नाही. आईने जर एकदा, फक्त एकदा, "असं झालं तर दवाखान्यात जायचं, लाजायचं नाही" असं म्हटलेलं असेल, तर ती मुलगी आठवड्याभरात माझ्या खोलीशी येऊन उभी राहते. हा फरक मी पाहिला आहे.

कुर्माघराचा प्रश्न याहून अवघड. काही गावांत पाळीच्या दिवसांत बाईने घराबाहेर, गावाच्या कडेला असलेल्या झोपडीत राहायचं असतं. कॉलेजची मुलगी सुटीत गावी गेली आणि पाळी आली की तिलाही तिथे जावं लागतं. पावसाळ्यात तिथे ओल, साप, विंचू. मण्यार चावली तर सूज येत नाही, दुखतही फार नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि तोवर घरचे मंत्र टाकणाऱ्या पुजाऱ्याला बोलावण्याच्या तयारीत असतात. दोन-तीन मुलींनी मला सांगितलं होतं की याच भीतीने त्या सुटीत गावी जाणं टाळतात. ही गोष्ट त्यांच्या आईबापांना माहीत नव्हती. त्यांना वाटत होतं, पोरगी शिकली आणि गावाला विसरली.

एका आईने काय केलं ते सांगते. तिने गावाशी भांडण काढलं नाही. मुलगी सुटीत आली तेव्हा पडवीच्या एका कोपऱ्यात खाट टाकली, मच्छरदाणी बांधली आणि गावातल्या म्हाताऱ्या बायांना सांगितलं, "माही पोर चार दिवस इथं राहीन. चुलीले हात नाही लावनार. पर तिकडे नाही जानार." बायांनी कुरकुर केली. दुसऱ्या वर्षी शेजारच्या घरीही तशीच खाट पडली. काही गावांत चांगली पक्की विसावा केंद्रं बांधली गेली आहेत, तिथे वीज आहे, पाणी आहे. तीही सोय झोपडीपेक्षा कितीतरी बरी. प्रथा जाईल तेव्हा जाईल. तोवर साप चावू नये एवढं तर घरच्यांना पाहता येतं.

आता पोलीस भरतीचं. आमच्या भागात कॉलेजच्या निम्म्या मुलामुलींच्या डोळ्यांपुढे भरतीच असते. मुलींना 800 मीटर, मुलांना 1600 मीटर धावायचं असतं, आणि त्यासाठी पहाटे साडेचारला रस्त्यावर मुलं पळताना दिसतात. मला त्यांचा अभिमान वाटतो. काळजीही वाटते, कारण ती डांबरी रस्त्याने अंधारात पळतात. 7 ऑगस्ट 2025 ला गडचिरोली-आरमोरी रस्त्यावर काटलीजवळ पहाटे व्यायामाला निघालेल्या सहा मुलांना ट्रकने उडवलं आणि त्यातली चार गेली. शाळकरी वयाची मुलं होती. त्या आठवड्यात आमच्याकडे पालकांचे फोन आले, पोरीचं पळणं बंद करा म्हणून. मी बंद केलं नाही. उजाडल्यावर, मैदानात, गटाने, हा नियम केला आणि पालकांना सांगितला. रस्त्यावरच पळायचं झालं तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, आणि अंगात फिकट रंगाचा सदरा. आता वाघ आहेत, 2021 पासून छत्तीसगडहून आलेले रानटी हत्तीही याच वाटेने फिरतात, म्हणून जंगलाकडच्या रस्त्याने एकट्याने नाहीच. आणि ज्याला सिकलसेल आहे, मग तो नुसता वाहक का असेना, त्याने पाणी न पिता, तापात किंवा कडक उन्हात जीव तोडून धावू नये. भरतीच्या उन्हाळी सरावात हे मुलांना कुणी सांगत नाही. घरी सिकलसेलच्या तपासणीचा कागद असेल तर घरच्यांनी सांगावं.

मुलांच्या बाबतीत मला वेगळीच खंत आहे. मुलीच्या पालकाला निदान शंभर प्रश्न पडतात. मुलाला वसतिगृहात सोडणारा बाप त्याच्या हातात पाचशेची नोट ठेवतो आणि निघतो. शेजारच्या मुलांच्या वसतिगृहातले गृहपाल आणि मी अनेकदा यावर बोललो. मुलगा तंबाखू-सुपारीचा खर्रा कधीपासून खातो, दारू कुठे पितो, तिघं एका दुचाकीवर हेल्मेटशिवाय मंडईच्या जत्रेला जातात का, हे विचारायची पद्धतच नाही. जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, 2016 पासून 'मुक्तिपथ' या दारू-तंबाखूमुक्तीच्या अभियानाचं काम गावागावांत चालतं, तरी खर्रा घरातूनच सुटत नाही. बापाच्या खिशात पुडी असेल तर मुलाला काय सांगणार? पण एका बापाने माझ्यासमोर मुलाला म्हटलेलं मला आठवतं. "माहं सुटत नाही, बेटा. तू सुरूच नोको करू." त्या मुलाने पुढे खर्रा खाल्ला की नाही मला ठाऊक नाही. बापाने ते खरं सांगितलं याची किंमत मात्र मला कळली. मुलगे आजारी पडत नाहीत, घाबरत नाहीत, रडत नाहीत, असं धरून चालणारं घर त्यांना सगळ्यात जास्त एकटं पाडतं.

जी मुलं गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, पुण्याला जातात आणि ज्यांना वसतिगृह मिळत नाही, त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. खात्यात थेट रक्कम येते. पैसे हप्त्याने येतात आणि खोलीचं भाडं, डबा दर महिन्याला द्यावा लागतो. मधले दिवस मुलं कसे काढतात हे पालकांनी विचारावं. एक वेळ पोहे, एक वेळ चहा-बिस्किट, असं दोन महिने चाललेलं मी पाहिलं आहे, आणि घरी फोनवर "जेवलो" असं सांगितलेलंही ऐकलं आहे. आमच्या आया एसटीच्या टपावरून तांदळाचं कट्टं पाठवतात, सोबत जवसाची चटणी, सुकवलेल्या भाज्या. त्याच कट्ट्यात तूरडाळ आणि भुईमुगाचे दाणे घाला, असं मी सांगते. नुसत्या भातावर पोर अभ्यास करू शकत नाही.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आमच्याकडे सुरक्षिततेचा अर्थ बराच काळ वेगळा होता. 2009 च्या फेब्रुवारीत मरकेगावजवळ नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात 15 पोलीस मारले गेले, त्या वर्षी पालक मुलींना वसतिगृहात ठेवायचे ते गावातल्या भीतीपासून दूर म्हणून. आता ते दिवस बरेच मागे पडले. आजचा धोका मुलीच्या हातातल्या मोबाइलमधून येतो, एसटीच्या थांब्यावर रोज भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून येतो, नव्या शहरात मदत करायला पुढे आलेल्या 'दादा'कडून येतो. आणि या सगळ्या धोक्यांना बळ कुठून मिळतं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते मिळतं घरच्या एका वाक्यातून: "काही भानगड ऐकली तर कॉलेज बंद, आनि लगन लावून टाकू."

बाप हे धाक म्हणून म्हणतो, मनातून तसं करणारही नसतो. पण मुलगी ते खरं मानते. तिला त्रास देणाऱ्यालाही ते माहीत असतं. तो म्हणतो, सांग तुझ्या बापाला, तुझंच कॉलेज सुटेल. तिचं तोंड बंद होतं.

एका मुलीचा फोटो असाच एकाने बदलून तिला पाठवला होता आणि तो पैसे मागत होता. तिने कानातले विकून दोनदा दिले. जेवण सोडलं, वर्गात जाणं सोडलं, मैत्रिणींना वाटलं हिला बाहेरची बाधा झाली. घरच्यांना कळलं असतं तर पहिल्यांदा पुजाऱ्याकडेच नेलं असतं. मला तिने सांगितलं तेव्हाही तिची एकच विनवणी होती, बाबांना कळवू नका. तिला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. तिच्या इच्छेविरुद्ध मी कळवलं नाही. दोन दिवस तिच्याशी बोलत राहिले, आणि शेवटी तिनेच माझ्या फोनवरून बापाला बोलावलं. तो सकाळच्या पहिल्या गाडीने आला. पायांना चिखल तसाच होता, रोवणी सोडून आला होता. ती रडायला लागली. त्याने सगळं ऐकलं आणि पहिलं वाक्य बोलला, "कॉलेज नाही बंद होनार. जेवली का तू?"

मग आम्ही तिघं पोलीस ठाण्यात गेलो. मुलीने पुसून टाकलेले मेसेज सोडून बाकीचे सगळे दाखवले. म्हणून सांगते, असं काही झालं तर मुलांनी मेसेज पुसू नयेत, पैसे देऊ नयेत, आणि पालकांनी फोन हिसकावून फोडू नये. पैसे गेलेच असतील तर 1930 वर लगेच कळवावं. जिवाचा धोका वाटला तर 112. मन थाऱ्यावर नसेल, झोप लागत नसेल, मरावंसं वाटत असेल तर 14416 वर टेली-मानसचा समुपदेशक मराठीतूनही बोलतो, पैसे लागत नाहीत. हे क्रमांक मी वसतिगृहाच्या भिंतीवर लावले होते, पण भिंतीवरचा क्रमांक मुलं तेव्हाच फिरवतात जेव्हा घरची भीती त्याहून मोठी नसते.

रॅगिंग किंवा जातीवरून छळ होत असेल तर पालकाने एक काम करावं: लिहून द्यावं. तोंडी तक्रार हवेत जाते. अर्जावर पोच घ्यावी, तारीख टाकावी. लिहिता येत नसेल तर ग्रामपंचायतीतल्या शिकलेल्या पोराकडून लिहून घ्यावं आणि अंगठा द्यावा. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. जळगावच्या डॉ. पायल तडवी यांनी मे 2019 मध्ये मुंबईत आत्महत्या केली, जातीवरून छळ झाल्याचा आरोप होता; त्यानंतर त्यांची आई आबेदा तडवी यांनी, हैदराबादच्या विद्यापीठात असाच जीव गमावलेल्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांच्यासोबत, सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, की विद्यापीठांमधला जातीभेद थांबवायला यंत्रणा हवी. एका आदिवासी आईने आपलं लेकरू गेल्यावरही दुसऱ्यांच्या लेकरांसाठी हे केलं. जिवंत लेकरासाठी एक अर्ज लिहायला कुणी कचरू नये.

आमच्या भागात 2011 ला गोंडवाना विद्यापीठ झालं, धानोऱ्यात मुनघाटे महाविद्यालय आहे, म्हणून पूर्वी बारावीलाच थांबणाऱ्या मुली आता पदवीपर्यंत जातात. घरातलं पहिलंच कॉलेजात जाणारं मूल असेल तर आईबापाला वाटतं, आपल्याला यातलं काय कळतं, मॅडम बघतील. मॅडम बघतात, पण एका मॅडमकडे पाऊणशे-शंभर मुली असतात. तुमची मुलगी कोणत्या दुखण्याला गप्प बसते आणि कोणत्या दुखण्याला रडते, हे फक्त तुम्हाला ठाऊक असतं. ते सांगायला शिक्षण लागत नाही. गोंडीत सांगा, वसतिगृहातली कुणीतरी मुलगी मराठीत सांगेल. मला अशा कितीतरी आयांनी सांगितलं आहे आणि त्या माहितीने मुली वाचल्या आहेत.

जूनमध्ये प्रवेश सुरू होतात आणि 19 जूनला जागतिक सिकलसेल दिनही असतो. त्या आठवड्यात टीसी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला गोळा करायला तुम्ही तालुक्याला येणारच आहात. त्याच फेरीत लेकराला ग्रामीण रुग्णालयात न्या. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. कागद घ्या, झेरॉक्स काढा. अर्जावर असा एक क्रमांक द्या जो रात्री खरंच लागेल, मग तो आशाताईचा असला तरी चालेल, फक्त तिला आधी विचारून घ्या. आणि गाडी सुटायच्या आधी लेकराला सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगा, की काहीही झालं तरी आधी आम्हाला सांग, तुझं शिक्षण बंद होणार नाही.